दोन सिमचा फोन वापरताय? या चुका टाळा

दोन सिम वापरण्यामागची आपली कारणं बहुतेक ठरलेली असतात. एक नंबर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा. बँकेत तोच, आधारला तोच, गॅसच्या नोंदणीत आणि मुलांच्या शाळेतही तोच. दुसरा नंतर घेतलेला, नेट स्वस्त मिळालं म्हणून किंवा गावाकडे त्याच कंपनीची रेंज येते म्हणून. हळूहळू बोलणं आणि नेट सगळं नव्या नंबरवर जातं, जुना नंबर ओटीपीपुरता उरतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. मग एक दिवस ओटीपी येत नाही, यूपीआय अडतं, लोक म्हणतात "तुमचा फोन लागतच नाही". दुकानात नेला की "फॉरमॅट मारून बघू" हे उत्तर तयार असतं. फॉरमॅट मारण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा. यातल्या बऱ्याच तक्रारी सेटिंग्जमध्ये किंवा रिचार्जमध्येच सुटतात.

दोन सिम म्हणजे दोन फोन, हा समज

आपल्याकडच्या बहुतेक फोनमध्ये ड्युअल स्टँडबाय पद्धत असते. फोन नुसता पडून असतो तेव्हा दोन्ही सिम आळीपाळीने नेटवर्कवर कान ठेवून असतात, पण बोलायला यंत्रणा एकच. पहिल्या सिमवर कॉल सुरू झाला की दुसरं सिम तेवढा वेळ नेटवर्कवरून तुटतं. त्या नंबरवर फोन करणाऱ्याला "बिझी" ऐकू येत नाही, "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" किंवा "स्विच ऑफ" ऐकू येतं. तुमच्या फोनवर त्या मिस्ड कॉलची नोंदही होत नाही. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, क्लास घेणाऱ्या बाई, डबेवाल्या मावशी अशा ज्यांचं काम फोनवर येतं त्यांचं यात खरं नुकसान होतं. पाटीवर एक नंबर लिहिलेला आणि दिवसभर बोलणं दुसऱ्यावरून, असं असेल तर गिऱ्हाईक परत फोन करत नाही आणि तुम्हाला ते कळतही नाही.

यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जो नंबर लोकांना दिला आहे त्यावरूनच बोलायचं. तिथे कॉल वेटिंग चालू ठेवलं की दुसरा कॉल आल्याचं बीप वाजून कळतं. दुसऱ्या नंबरसाठी कॉल फॉरवर्डिंग वापरता येतं. फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये जाऊन "संपर्क होत नसेल तेव्हा" एवढाच पर्याय निवडा आणि पहिला नंबर टाका. "सगळे कॉल" हा पर्याय निवडू नका, नाहीतर तो नंबर कधीच वाजणार नाही. आणि कुणीही फोन करून "स्टारने सुरू होणारा हा कोड डायल करा" म्हटलं तर लगेच फोन ठेवा. अशा कोडने तुमचे कॉल ठगाच्या नंबरवर वळतात. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने कोड डायल करून कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद ठेवायला लावली.

अलीकडच्या बऱ्याच फोनमध्ये आणखी एक सोय असते. एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्या सिमचा कॉल इंटरनेटच्या वाटेने येऊ शकतो. त्यासाठी दोन्ही सिमचं वायफाय कॉलिंग चालू हवं. आयफोनमध्ये त्याच्या जोडीला सेल्युलर डेटा स्विचिंगही चालू लागतं, अँड्रॉइडमध्ये काही ठिकाणी याला बॅकअप कॉलिंग म्हणतात. फोन विकत घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतो, तसं हेही विचारून घ्यावं.

बोलता बोलता पेमेंट अडकतं

भाजीच्या गाडीवर हे रोज दिसतं. एका हाताने फोन कानाला, मग स्पीकर लावून कोड स्कॅन केला, पिन टाकला, आणि गोल फिरतच राहतं. भाजीवाला पेमेंटचा आवाज येण्याची वाट बघतो, मागे दोघं उभे असतात. होतं काय, की कॉल आलेला असतो सिम दोनवर आणि नेट असतं सिम एकचं. यंत्रणा कॉलमध्ये गुंतली की सिम एकचं नेट थांबतं. पिन टाकल्यावर ते थांबलं तर पेमेंट पेंडिंग पडतं. अशा वेळी पुन्हा पैसे पाठवू नका. कॉल संपवा, ॲपमधली हिस्ट्री बघा, मगच ठरवा.

कायमचा उपाय दोन ठिकाणी आहे. सिमच्या सेटिंग्जमध्ये कॉल चालू असताना डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. अर्थात त्या सिमवर नेटपॅक असेल तरच त्याचा उपयोग. दुसरं म्हणजे दोन्ही सिमचं व्होल्टी (४जीवरूनच कॉल करण्याची सोय) चालू आहे का ते बघा. ते बंद असेल तर कॉल जुन्या २जी नेटवर्कवर उतरतो, आणि मग ज्या सिमवरून बोलताय त्याचंही नेट जातं. खूप जुनं सिमकार्ड असेल, ४जी येण्याआधीचं, तर सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी फरक पडणार नाही. कंपनीच्या गॅलरीत जाऊन कार्ड बदलून घ्या, नंबर तोच राहतो.

घरातल्या मोठ्यांना आपण आपला जुना फोन देतो, तिथे आणखी एक अडचण येते. २०१६ च्या आसपासच्या अनेक ड्युअल सिम फोनमध्ये एका वेळी एकाच स्लॉटला ४जी मिळायचं, दुसरा २जी किंवा ३जीवर राहायचा. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे ते सिम चुकीच्या स्लॉटमध्ये असलं की "नो सर्व्हिस" दिसतं. आपण सिम खराब झालं म्हणतो. स्लॉट बदलला, किंवा पसंतीचं नेटवर्क ४जी केलं, की रेंज येते.

"त्या नंबरला रिचार्ज कशाला?"

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पूर्वी एकदा सिम घेतलं की इनकमिंग वर्षानुवर्षं चालायचं. २०१८ च्या शेवटापासून कंपन्यांनी किमान रिचार्ज आणलं आणि ते दिवस संपले. आता व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंगही. ओटीपी हा इनकमिंग मेसेजच आहे.

सिम बंद कधी होतं याचा ट्रायचा, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नियम माहीत असू द्या. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून मुदत आणखी ३० दिवस वाढते. बंद झाल्यावरही १५ दिवसांत तो परत सुरू करून घेता येतो. त्यानंतर मात्र नंबर हातचा जातो, आणि किमान ९० दिवस थांबून कंपनी तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते. म्हणजे तुमच्या बँकेचे मेसेज परक्या माणसाच्या फोनवर. १ एप्रिल २०२५ पासून बँका आणि यूपीआय ॲपना असे बंद झालेले नंबर आपल्या यादीतून नियमित काढावे लागतात, तेव्हा नंबर गेला की यूपीआयही जातं. व्हॉट्सॲप मात्र बरेच दिवस चालू राहतं, त्यामुळे सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. नवा मालक त्या नंबरवर व्हॉट्सॲप उघडतो तेव्हा तुमचं बंद पडतं.

नुसत्या ओटीपीच्या नंबरला महिन्याला महागडा डेटापॅक मारायची गरज नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. ॲपच्या पहिल्या पानावर ते पटकन दिसत नाहीत, शोधावे लागतात. माझं मत विचाराल तर आई-वडिलांच्या बँकेच्या नंबरला वर्षाचा असा पॅक मारून टाकणं सगळ्यात बरं. दर २८ दिवसांनी आठवण ठेवायचा ताण जातो.

नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार, पीएफ, विमा, गॅस, डिजिलॉकर अशा सगळीकडे नवा नंबर लावा. महाडीबीटीवर अर्ज केलेले शेतकरी आणि शिष्यवृत्तीची मुलं यांनी तर आधारचा नंबर बदलल्याशिवाय जुनं सिम सोडूच नये. तिथे आधारवरून ओळख पटवायचा ओटीपी आधारच्या नंबरवरच जातो.

यूपीआय पडताळणी

नवा फोन घेतला की यूपीआय ॲप विचारतं, सिम एक की सिम दोन? इथे "ज्याच्यावर नेट आहे ते" असं समजून लोक चुकीचं सिम निवडतात. बँकेत नोंदवलेला नंबर ज्या स्लॉटमध्ये आहे तोच निवडायचा. ॲप त्या सिमवरून एक मेसेज पाठवतं, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ असलेला. तो गेला तरच नंबर तुमचा असल्याची खात्री बँकेला पटते. म्हणून त्या सिमवरून मेसेज जाण्याची सोय हवी. स्वस्तातल्या काही पॅकमध्ये इनकमिंग असतं पण एसएमएस नसतात, आणि मेन बॅलन्स शून्य असतो. पडताळणी तीन-तीनदा फसते आणि दोष ॲपला दिला जातो. आधी त्याच सिमवरून घरच्या कुणाला साधा मेसेज पाठवून बघा. तो गेला नाही तर कारण सापडलं. मेसेजसाठी डीफॉल्ट म्हणून दुसरंच सिम ठेवलेलं असेल तर तेही बदलून बघा.

एकदा सगळं सुरळीत झालं की उगाच सिमच्या जागा बदलू नका. काही ॲपना ते नवं सिम वाटतं आणि सगळी पडताळणी पुन्हा करावी लागते. सेटिंग्जमध्ये दोन्ही सिमना नावं देता येतात. "सिम १, सिम २" काढून "बँक" आणि "घर" असं लिहा, वयस्कर माणसांचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

रेंज आणि बॅटरी

गावी गेलं की बॅटरी उतरते, यात फोनचा दोष नसतो. एका सिमला रेंज नसेल तर फोन ती सारखी शोधत राहतो आणि जास्त ताकद लावतो. आंबोली किंवा वरंध घाटात, वेल्ह्याच्या आतल्या वाड्यांवर, जे सिम लागतच नाही ते सेटिंग्जमधून तात्पुरतं बंद करा. कार्ड काढायची गरज नाही. शहरात परत आल्यावर चालू करायला मात्र विसरू नका.

दोन्ही सिम एकाच कंपनीची असतील तर रेंजसाठी त्याचा काही उपयोग नाही. वेगळ्या कंपन्या घेतल्या तरी पूर्ण निर्धास्त होऊ नका, कारण अनेक ठिकाणी दोन कंपन्यांची यंत्रणा एकाच टॉवरवर असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर वीज गेली आणि कित्येक गावांत मोबाइलही दिवसेंदिवस बंद राहिले. वीज नसली की टॉवरची बॅटरी किती काळ पुरणार?

कार्ड, ट्रे आणि ई-सिम

मोठं सिम कात्रीने कापून नॅनो करू नका. जुनी कार्डं ०.७६ मिलिमीटर जाड असतात, नॅनो ०.६७. कापलेलं कार्ड ट्रेमध्ये अडकतं आणि आतल्या पिना वाकतात. ट्रे काढायची सुई माइकच्या भोकात घालू नका, दोन्ही भोकं सारखीच दिसतात; ट्रेच्या भोकाभोवती ट्रेची कड दिसते. हायब्रिड स्लॉटमध्ये दुसरं सिम किंवा मेमरी कार्ड यांपैकी एकच बसतं.

ई-सिम म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच बसवलेलं सिम. त्याबद्दल माझा सल्ला सरळ आहे. बँकेचा नंबर साध्या कार्डावर ठेवा, बोलण्याचा किंवा नेटचा नंबर ई-सिमवर. स्क्रीन फुटली तर कार्ड दुसऱ्या फोनमध्ये टाकून पाच मिनिटांत ओटीपी घेता येतो. ई-सिम असं उचलून नेता येत नाही. पण कार्ड तितक्याच सहज चोरही काढून नेतो, म्हणून त्याला सिम पिन लावा. सुरुवातीचा पिन कस्टमर केअरकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की फोन पीयूके (सिम परत उघडण्याचा कंपनीचा कोड) मागतो, आणि पीयूके दहादा चुकला की कार्ड कायमचं बाद.

दुबई, जर्मनी, अमेरिकेला जाणाऱ्यांनी भारतातलं सिम चालू ठेवावं, निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्यावं, पण त्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवावा. नेटसाठी तिथलं सिम निवडावं आणि डेटा आपोआप बदलण्याचा पर्यायही बंद करावा, नाहीतर बिल भारतातल्या नंबरवर येतं.

फोन हरवला तर

ड्युअल सिम फोनला आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, दोन असतात. *#०६# डायल केलं की दिसतात. दोन्ही आजच वहीत लिहून ठेवा, फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. हरवलेला फोन ब्लॉक करणारी सीईआयआर यंत्रणा प्रायोगिक स्वरूपात सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच सुरू झाली. आता दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरून देशभर वापरता येते. अर्ज करताना दोन्ही आयएमईआय द्या. सोबत पोलीस तक्रारीची प्रत आणि ओटीपीसाठी मोबाइल नंबर लागतो. त्याच पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. महाराष्ट्रात मर्यादा नऊची आहे.

दोन्ही नंबर एकाच फोनमध्ये असल्याने दोन्ही एकदमच जातात. पहिला फोन बँकेला करा आणि यूपीआय, नेट बँकिंग थांबवा. मग दोन्ही सिम ब्लॉक करून गॅलरीत जा आणि बँकेच्या नंबरचं डुप्लिकेट सिम आधी घ्या. नव्या कार्डावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात आणि ७ दिवस ते पोर्ट करता येत नाही, ही तुमच्याच सुरक्षेसाठी केलेली सोय आहे. त्या एका दिवसात ओटीपी आला नाही म्हणून घाबरून दुसरं कार्ड घेऊ नका, २४ तासांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.