मनी प्लांट तगत नाही? या चुका टाळा

‘मनी प्लांटला काही लागत नाही’ असं सांगून तो दिला जातो आणि घेणाराही त्यावर विश्वास ठेवतो. मग महिना-दीड महिन्यात पानं पिवळी पडली की लक्ष्मी रुसली, नजर लागली, दिशा चुकली, अशी कारणं निघतात. श्रद्धा असू द्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण वेल मरते ती पाणी, उजेड आणि पेर या तीन गोष्टींपायी.

पहिली चूक चोरीची. चोरून आणलेला मनी प्लांट लाभतो, हा समज घरोघरी आहे. त्यामुळे जिन्यातून जाता-येता घाईघाईने एक पान देठासकट खुडलं जातं आणि बाटलीत जातं. असं पान महिनोन्‌महिने हिरवं राहतं, कधी त्याला मुळंही फुटतात, पण दुसरं पान येत नाही. कारण नवा कोंब पानातून निघत नाही, पेरातून निघतो. देठ वेलीला जिथे चिकटतो ती फुगीर गाठ म्हणजे पेर. तिथेच एक छोटं तपकिरी टोक दिसतं, ते हवाई मूळ. दोन-तीन पेरांचा तुकडा घ्या, शेवटच्या पेराच्या बोटभर खाली स्वच्छ कात्रीने तिरका छेद द्या. खालचं पान काढून टाका आणि निदान एक पेर पाण्यात बुडेल असं ठेवा. एक ते दोन आठवड्यांत मुळं दिसतात. ती दोन-तीन इंच झाली की लगेच मातीत लावा. पाण्यातली मुळं फार लांब झाल्यावर मातीत सहज रुळत नाहीत. त्यामुळे मातीत लावल्यावर पहिले दहा दिवस माती ओलसर ठेवायची. आणि चोरायचं कशाला? मागा. छाटल्याने मूळ वेल दाट होते, त्यामुळे देणाऱ्याचंही भलंच होतं.

दुसरी चूक बाटलीतलं पाणी नुसतं वरून भरत राहण्याची. ही चूक घरातल्या माणसांना आजारी पाडते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेजवळ, बाटलीच्या आतल्या भिंतीवर. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच चिकटून राहतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवा. वेल बाहेर काढा, मुळं नळाखाली धुवा, बाटली आतून ब्रशने घासा आणि मगच ताजं पाणी भरा. तोंडाशी थोडा कापूस लावला तर उत्तम. घासायचा कंटाळा असेल तर बाटलीचा नाद सोडा आणि वेल कुंडीत लावा. कुंडीखालची ताटलीही त्याच दिवशी रिकामी करून पुसा.

तिसरी चूक मोठ्या कुंडीची, आणि ती नेहमी एकाच क्रमाने घडते. नर्सरीतून चार इंची पिशवीतलं रोप येतं. ‘पुन्हा बदलायला नको’ म्हणून त्याच संध्याकाळी ते बारा इंची कुंडीत जातं आणि रोज तांब्याभर पाणी सुरू होतं. पावसाळा लागतो, हवा दमट, माती वाळतच नाही. खालची पानं पिवळी पडतात. घरच्यांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून पाणी वाढतं. गणपती येईपर्यंत पानांवर काळे-तपकिरी डाग आणि खोड मऊ. उपटून पाहिलं तर मुळं मधल्या मूठभर मातीतच असतात आणि भोवतालची सगळी माती चिखल. धड मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की साल निघून नुसता दोरा उरतो. अशा वेळी कुजकं सगळं कापा, खोडही मऊ असेल तर वरचे धड तुकडे पाण्यात लावा आणि नव्याने सुरुवात करा. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा इंच-दोन इंच मोठी हवी, तळाला भोकं हवीतच. चार भाग माती, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग गांडूळखत, एक भाग जाडी वाळू. पाणी वार ठरवून घालायचं नाही. बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच घाला.

उजेड: अंधाऱ्या कोपऱ्यात वेल जगते, पण पेरांमधलं अंतर वाढतं आणि पानांवरची मूळची पिवळी नक्षी ओसरते. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा, दुपारचं थेट ऊन नको.

दूध, उरलेला चहा, साखरपाणी ओतू नका. बुरशी आणि चिलटं होतात. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, पुरे.

आता दिशेबद्दल. वास्तूचे जाणकार आग्नेय दिशा सांगतात, ती गणपतीची आणि शुक्राची म्हणून. तिथे खिडकी असेल तर सकाळचं कोवळं ऊन मिळतं, जरूर ठेवा. नसेल तर दिशेसाठी झाड अंधारात कोंडू नका. ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोओरिया बेटावरची, तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८८०चं. आग्नेयेचा नियम त्यानंतरच कधीतरी तिला जोडला गेलेला आहे. वेल वर चढली की भरभराट, हा समज मात्र झाडाच्या स्वभावाला धरून आहे. आधार मिळाला की पानं मोठी होत जातात, लोंबकळत सोडली की लहान. तीन फुटी मॉस स्टिक (शेवाळ किंवा काथ्या गुंडाळलेली काठी) लावा, ती ओली ठेवा आणि हवाई मुळं तिच्याकडे वळवून सैल बांधा. लाल दोरा बांधायचा तर तोही सैल, घट्ट दोरा खोडात रुततो.

एका कुंडीने घरातली हवा शुद्ध होते ही आशा सोडा. ही आशा ज्यांच्यावरून आली ते नासाचे १९८९चे प्रयोग छोट्या बंद पेट्यांमधले होते. २०१९मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. खिडक्या-दारांतून होते तेवढी हवा साफ करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं त्यात दिसलं. खिडकी उघडा. झाड हिरवाईसाठी ठेवा, तेवढं कारण पुरेसं आहे.

रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर हवी. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजते. तोंडातले तुकडे काढा, तोंड ओल्या फडक्याने पुसा आणि सूज दिसली किंवा गिळायला त्रास झाला तर थेट डॉक्टरकडे, जनावर असेल तर पशुवैद्याकडे न्या. छाटणीनंतर स्वतःचे हातही साबणाने धुवा, चिकाने खाज सुटते.