अवघड इंग्रजी शब्द: रोज सहाच, पण पक्के

'ए'पासून सुरू केलेली शब्दांची यादी बहुतेकांची 'सी'च्या आतच सुटते. त्यात दोष आळसाचा कमी, यादीचा जास्त. वर्णक्रमाने 'अ‍ॅडव्हर्स' आणि 'अ‍ॅव्हर्स' एकाच आठवड्यात समोर आले की दोन्हींचा गुंता होतो. त्यातला एक आधी पक्का करा, दुसरा दोन-तीन आठवड्यांनी घ्या.

शब्द वाचनातून उचला: इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख किंवा आपल्याच विषयाचं एक प्रकरण. दोन वेगळ्या ठिकाणी भेटलेला शब्दच वहीत घ्यायचा. यादी हवीच असेल तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली आलेली अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट बघा. तिच्यात ५७० शब्दकुळं (एका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट) आहेत आणि कॉलेजच्या पुस्तकांत ती सतत भेटतात.

आता कार्ड. कार्डशीट कापून पत्त्यांएवढे तुकडे करा. पुढे मूळ वाक्य लिहा. शब्दाच्या जागी गाळलेली जागा आणि फक्त पहिलं अक्षर. मागे शब्द, देवनागरीत उच्चार (आघात कुठे येतो तिथे खूण), मराठी अर्थ, त्याच्यासोबत नेहमी येणारे दोन शब्द आणि स्वतःचं एक वाक्य. सोबतचे शब्द गाळू नका, खरी चूक तिथेच होते. 'मिटिगेट'चा अर्थ नुसता 'कमी करणे' लिहिला की कुणीतरी फीसुद्धा 'मिटिगेट' करायला निघतो. त्या शब्दासोबत रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज असं काहीतरी नकोसंच येतं. छटाही नोंदवा. 'नोटोरिअस' म्हणजे प्रसिद्धच, पण वाईट कारणासाठी. प्राचार्यांच्या सत्काराच्या भाषणात तो नको.

उजळणीची पद्धत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करा: पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. आठवलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, अडलं की थेट पहिल्यात. मागची बाजू बघण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचं. नुसतं वाचून मान डोलावली तर ती उजळणी नव्हे.

रोज सहा नवे, रविवारी एकही नाही. महिन्याभरात रोजची उजळणी तिसेक कार्डांवर जाते, म्हणजे साधारण वीस मिनिटं. रोज बारा घेतले तर ती साठावर जाते आणि परीक्षेच्या आठवड्यात सगळा बेत मोडतो.

विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्यांनी सकाळच्या गर्दीत कार्डं काढायच्या फंदात पडू नये. प्लॅटफॉर्मवर दहा बघा आणि डब्यात उभ्या उभ्या मनात आठवा. नवी कार्डं घरी किंवा अभ्यासिकेत टेबलावरच लिहा.

फोनवर करायचं तर अँकी हे अ‍ॅप उजळणीचं वेळापत्रक स्वतःच सांभाळतं. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. त्यात हजारो शब्दांचे तयार संचही मिळतात. ते उतरवू नका, कारण त्यात तुम्ही वाचलेलं वाक्य नसतं.