यॉटवर आर्च बसवायची की मास्ट? आधी पुलाखालची उंची मोजा

रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, बोट काढली की रडार, व्हीएचएफ रेडिओचा अँटेना, जीपीएस, नेव्हिगेशन लाइट हे सगळं वर कशावर चढवायचं हे ठरवावं लागतं. एक तर बोटीच्या रुंदीभर दोन्ही कडांना पाय टेकलेली आर्च, नाहीतर मधोमध एकच उभा मास्ट. (मी इथे मोटर यॉटबद्दल लिहितोय, शिडाच्या बोटीला डोलकाठी असतेच, तिथलं गणित वेगळं.) बरेच जण फोटो बघून ठरवतात, तसं अजिबात करू नका.

बोट ठाणे खाडीत वाशी किंवा ऐरोली पुलाच्या आतल्या बाजूला राहणार असेल तर निम्मा निर्णय तिथेच होतो. पाण्यापासून सगळ्यात वरच्या टोकापर्यंतची उंची आणि पुलाखालची मोकळी जागा, दोन्ही कागदावर लिहा आणि अँटेनाची काडी त्यात धरायला विसरू नका. आपल्याकडे उधाणाच्या भरतीला पाणी चार्ट डेटमच्या (सागरी नकाशातली खोली जिथून मोजतात ती पातळी) वर साडेचार मीटरहून जास्त चढतं, म्हणजे सुकतीला आरामात निघालेली बोट परत येताना पुलाखाली अडू शकते, आणि पाणी उतरायची वाट बघावी तर खाडीत चिखल वर येतो. अशा वेळी बिजागरीवर आडवा होणारा मास्ट घ्या, माझं मत यात पक्कं आहे. आर्चसुद्धा आडवी होणारी बनवता येते पण ती जड, तिच्यावर कॅनोपी बांधलेली, दर वेळी कोण पाडणार?

हे माप बोट पाण्यात असतानाच घ्या, डिझेल-पाणी कमी असताना, कारण तेव्हा बोट हलकी होऊन पाण्यावर जास्त वर तरंगते. पावसाळ्यात ती एकदा जमिनीवर ठेवली की मग अंदाजपंचे काम होतं.

आता "रडार जितकं उंच तितकं चांगलं" हे लोक सांगतात त्याचं बघू. रडारचं क्षितिज साधारण २.२ गुणिले उंचीचं वर्गमूळ, उंची मीटरमध्ये, उत्तर सागरी मैलात. ४ मीटरवर ४.४ मैल येतात, ६ मीटरवर ५.४. म्हणजे २ मीटर वर नेऊन हातात आला १ मैल, आणि न्हावाशेवाच्या जेएनपीए बंदराकडे जाणारं कंटेनर जहाज स्वतःच एवढं उंच असतं की ते त्याच्याही आधी दिसतं. आपल्या बंदरात खरी काळजी रात्री जवळ येणाऱ्या लहान लाकडी होड्यांची आणि जाळ्यांच्या बोयांची, आणि रडारचा डोम (घुमटासारखं आवरण) जितका वर तितका बोटीच्या अगदी जवळचा न दिसणारा पट्टा मोठा होतो. त्यामुळे फक्त रडारसाठी उंच मास्टच्या मागे लागू नका. फ्लायब्रिजवर (बोट चालवायच्या वरच्या मोकळ्या मजल्यावर) उभ्या माणसाच्या डोक्यावरून बीम जाईल एवढी उंची मात्र हवीच.

पुलाचा प्रश्न नसेल आणि सोलर पॅनल, कॅनोपी, डेक लाइट, दोन-तीन अँटेना असं सगळं लावायचं असेल तर आर्चच घ्या. जागा भरपूर मिळते, अँटेना रडारच्या बीमबाहेर आणि एकमेकांपासून मीटरभर तरी लांब ठेवता येतात, मास्टवर हे जमवताना जीव जातो. फक्त वजन बघा, वर चढवलेला प्रत्येक किलो बोट जास्त डोलवतो, आणि मोठं पॅनल वाऱ्यात शिडासारखं ओढतं.

फॅब्रिकेशन रबाळे किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत करून घेता येतं, पण तिथे बाल्कनीच्या रेलिंगचा रोजचा अंदाज असतो, म्हणून ३१६ ग्रेडचा स्टेनलेस स्टीलचा पाइप लागेल हे लेखी द्या. ३०४ ग्रेड खाऱ्या हवेत तपकिरी डाग धरतो. लोहचुंबक लावून दोन्हीतला फरक कळत नाही, मॉलिब्डेनम टेस्टचे थेंब टाकून बघा. वेल्डिंगनंतर पिकलिंग (आम्लाने जोड साफ करणं) करून घ्या, नुसतं बफिंग पुरत नाही. ॲल्युमिनियमची आर्च असेल तर स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचे वॉशर हवेत, नाहीतर ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

सगळ्यात जास्त लक्ष पायाखालच्या डेककडे द्या. फायबरच्या डेकमध्ये बाल्सा (हलकं लाकूड) किंवा फोमचा कोअर, म्हणजे मधला गाभा, असतो, नुसतं भोक पाडून बोल्ट आवळला की पाणी आत शिरतं आणि कोअर खराब होतो. भोक मोठं पाडा, आजूबाजूचा कोअर खरवडून काढा, घट्ट इपॉक्सी भरा, सुकल्यावर बरोबर मापाचं भोक पाडा आणि खालून जाड बॅकिंग प्लेट लावा. मास्टचा सगळा जोर एकाच जागी येतो, तिथे ही प्लेट अजून मोठी लागते, जमलं तर खालच्या बल्कहेडवर (बोटीतल्या आडव्या भिंतीवर) भार उतरवा. हे काम शेडखाली, कोरड्या दिवशी करा, जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर धरतो, तो धुऊन घासल्याशिवाय पुढचा थर द्यायचा नाही.

लाइटचा नियम आर्चवाल्यांकडून हमखास राहतो. १२ ते २० मीटरच्या बोटीला पुढचा पांढरा मास्टहेड लाइट गनवेलच्या (बोटीच्या वरच्या कडेच्या) वर किमान २.५ मीटर लागतो, १२ मीटरच्या आत असेल तर बाजूंच्या लाल-हिरव्या साइडलाइटच्या वर किमान १ मीटर. अँकर लाइट (नांगर टाकल्यावर लावायचा दिवा) रडार डोमच्या मागे लपणार नाही असा बसवा.

आणि पाइप बंद करण्याआधी रडार केबलचा कनेक्टर आतून जातो का ते प्रत्यक्ष घालून बघा, सोबत एक रिकामी नायलॉनची दोरी आत सोडून ठेवा, पुढची केबल तिलाच बांधून ओढता येते.