स्कॅन मशीनचा हिशोब मांडताना या चुका टाळा

निपाणी-चिकोडीकडचे डॉक्टर एमआरआयचं कोटेशन घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "रोज किती स्कॅन झाले की हप्ता निघेल?"

हप्ता म्हणजे सगळा खर्च नव्हे. समजा मशीन 4 कोटींचं, चालणार 10 वर्षं. म्हणजे वर्षाला 40 लाख. देखभालीच्या कराराचे 20 लाख धरा. 300 दिवसांनी भागलं की रोजचे 20 हजार, तेही वीज, पगार, व्याज सोडून. दहा स्कॅन झाले तर स्कॅनमागे 2 हजार, चारच झाले तर 5 हजार. एमआरआयचं चुंबक रात्रीही चालू असतं. थंडावा देणारं यंत्र, म्हणजे चिलर, फार वेळ बंद राहिलं तर चुंबक थंड ठेवणारा हेलियम उडू लागतो, म्हणून वीज गेली की जनरेटर हवाच. त्याचं डिझेल मात्र कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. हेलियम, कॉइल (अंगाजवळ ठेवून सिग्नल पकडणारा भाग), सीटी असेल तर एक्स-रे सोडणारी ट्यूब, करारात आहे की नाही ते लेखी घ्या. "सगळं कव्हर आहे सर" हे चहापुरतं ठीक.

मग चार स्कॅनचे दहा करायला रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला कट, म्हणजे कमिशन, सुरू होतो, आणि साध्या कंबरदुखीलाही एमआरआय लिहिला जातो. पायातलं बळ जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं असं काही नसेल, तर पहिल्या सहा आठवड्यांत त्या फोटोनं उपचार सहसा बदलत नाही. मालकाच्या वहीत तो जमेला. रुग्णाच्या बाजूनं निव्वळ खर्च. आर्थिक मूल्यमापनात विचारायचं ते हेच: आधीच्या तपासणीपेक्षा जास्तीचे पैसे किती गेले आणि रुग्णाच्या पदरात जास्तीचं काय पडलं?

याच मापानं खानापूरला दिवसाला दोनच सीटी झाले तरी मशीन मोलाचं ठरू शकतं. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटीत पाहिल्याशिवाय देता येत नाही. कणकुंबीच्या बाजूनं पावसात निघालेल्या गाडीला बेळगावापर्यंतचा तासही जड जातो. पण इंजेक्शन द्यायला फिजिशियनच नसेल, तर फोटो काढून गाडी पुन्हा बेळगावलाच जाणार. माणसाचा पगार मशीनच्या हिशोबात धरा.

रुग्णाचा प्रवास, बुडालेली हजेरी, दुबार स्कॅन हेही कुणी धरत नाही. मिरजेच्या एका दवाखान्यात गुडघ्याचा तोच एमआरआय महिन्याभरात पुन्हा काढायला लावला, कारण सीडी दिलीच नव्हती, फक्त फिल्म. म्हातारी ती मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "बाबा, मग हे जुने फोटो टाकून देऊ काय?"