लेकराचा सूर, लेकराची लय

लेकरू बेसूर गातंय असं वाटलं, की आधी आपली पट्टी, म्हणजे आपण किती उंच किंवा खालच्या सुरात गातो ते, तपासा. तीन-चार वर्षांच्या मुलाचा आवाज पेटीवर साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी दोन ते पांढरी सहा (दुसऱ्या ते सहाव्या पांढऱ्या स्वरपट्टीपर्यंत) एवढ्यातच मोकळा फिरतो. बाबा आपल्या नेहमीच्या पट्टीत गायले की लेकराला तेवढं खाली उतरता येत नाही आणि ते गाणं सोडून नुसतं बोलायला लागतं. म्हणून सा पांढरी दोनचा धरा. प बरोबर पांढरी सहावर येतो. गाणीही सा ते प या पाच सुरांत मावणारीच निवडा. घरी पेटी नसेल तर गावच्या भजनी मंडळात जाऊन हा सूर कानात बसवून घ्या.

तान्ह्या बाळाला आजीच्या जात्यावरच्या ओव्या पुरतात. रोज नवं गाणं नको, तीच चार-पाच म्हणा. वर्ष-दीड वर्षाचं झालं की ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबा, मनात पाच अंक मोजा. आपणच घाईनं तो शब्द म्हणून टाकतो, तिथंच लेकराची संधी जाते.

लयीचंही तसंच. लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते. हात धरून टाळ्या वाजवायला लावू नका. ते चालतंय, ठोकतंय त्या वेगाला धरून तुम्ही गा. मोठ्यांच्या तालाला धरून राहणं बहुतेकांना चार-पाच वर्षांनंतरच जमू लागतं.

खुळखुळा घरीच होतो. अर्ध्या लिटरच्या कोरड्या बाटलीत मूठभर ज्वारी टाका. पाव भागापेक्षा जास्त भरली तर दाणे मोकळे हलत नाहीत, आवाज दबतो. झाकण गोंदानं चिकटवून वर चिकटपट्टी गुंडाळा आणि खेळताना जवळच बसा, कारण दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. दुसऱ्या बाटलीत तूरडाळ भरा आणि पाठीमागून वाजवून कोणती ते ओळखायला सांगा.

गोंधळातलं संबळ जरूर ऐकवा. त्याच्या दोन भांड्यांपैकी एकाचा आवाज उंच, दुसऱ्याचा खालचा. कोणतं वाजलं ते हात वर-खाली करून दाखवू द्या. सप्ताहात मात्र कर्ण्यासमोर बसू नका. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज लेकराच्या कानाला घातक आहे.

पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" असा आग्रह धरू नका. खेळता खेळता ते स्वतःशी गुणगुणत असेल तेव्हा चूक दुरुस्त करायला जाऊ नका; थोड्या वेळानं तीच ओळ, त्याच्याच पट्टीत, तुम्ही गुणगुणा.