फोर बाय फोरचं पुढचं व्हील बेअरिंग बदलायचंय? हे वाचून मगच पाना हातात घ्या

ताशी 40-50 किमीच्या वर गेलं की पुढून घूं घूं आवाज येतो, स्पीडबरोबर वाढतो आणि न्यूट्रल टाकला तरी थांबत नाही, तर टायर नाहीतर व्हील बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते). मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकंच इकडेतिकडे करून बघा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक उजवं बेअरिंग गेलंय. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, वळणावर फारसा नाही.

खात्री करायला जॅक लावून चाक उचला, खाली स्टँड हवाच. ट्रान्सफर लिव्हर टू-एचला (फक्त मागच्या चाकांना ताकद), गिअर न्यूट्रलला, मागच्या चाकांना ठोकळे. एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवा, गेलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. मग चाक वर-खाली धरून हलवा, खेळ असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (नकल, म्हणजे चाक धरणारा भाग, सस्पेन्शनला जोडणारा सांधा). फक्त आडवं धरल्यावरच हलत असेल तर टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) बघा, बेअरिंगवर उगाच खर्च करू नका.

पार्ट आणायच्या आधी गाडीत कुठला प्रकार आहे ते बघा. बोल्टनं बसणारं आख्खं हब युनिट (चाक ज्याला लागतं तो हब आणि बेअरिंग एकत्र) असेल तर घरी जमतं. नकलमध्ये प्रेस केलेलं (दाबून घट्ट बसवलेलं) असेल तर प्रेस मशीन लागणारच. जुन्या सॉलिड एक्सलवाल्या गाड्यांत दोन टेपर बेअरिंग असतात, ग्रीस भरून नटनं सेटिंग करायचं, ते काम वेगळं.

चाकाच्या मधोमधचा एक्सल नट (ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या टोकावरचा) गाडी जमिनीवर असतानाच ढिला करा, तो इतका टाइट असतो की स्टँडवर जोर लावला तर गाडी हलते. मग गाडी परत स्टँडवर, चाक काढा, ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) काढून तारेनं टांगा (ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका), डिस्क काढा, एबीएस सेन्सर (चाकाचा वेग मोजणारा) जपून बाजूला करा. ड्राइव्ह शाफ्ट हबमधून सुटत नसेल तर नट दोन आटे फिरवून ठेवा आणि लाकूड धरून हलके ठोके द्या, नाहीतर आटे बसतात. शाफ्ट बाहेर ओढू नका, आतला जॉइंट सुटतो.

हब युनिट मागून तीन-चार बोल्टनं धरलेलं असतं. गंजलेलं असेल तर रस्ट स्प्रे मारून थोडं थांबा. जुनं निघालं की नकलचा गाळा वायर ब्रशनं चकचकीत करा, तिथे गंज राहिला तर नवीन युनिट तिरकं बसतं.

प्रेसवालं असेल तर नकल सोडवून वर्कशॉपला न्या, पण काम होताना उभे राहा. नवीन बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या रेसवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) आणि हब आत घालताना आतल्या रेसला खालून आधार, हे चुकलं की गोळ्यांचे वण रेसवर उमटतात आणि नवं बेअरिंग लगेच आवाज करायला लागतं. एबीएसची चुंबकीय रिंग असलेली बाजू सेन्सरकडे, बहुतेक गाड्यांत म्हणजे आत. सेन्सरकडच्या बाजूला टाचण्या चिकटत नसतील तर उलटं धरलंय. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) खाचेत बसली की नाही तेही बघा.

फिटिंग उलट्या क्रमानं. एक्सल नट नवीन घ्या, इम्पॅक्ट गननं आवळू नका, टॉर्क रेंचनंच (ठरावीक जोरानं आवळणारा पाना), आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. हा नट पूर्ण टॉर्कला येईपर्यंत गाडीचं वजन चाकावर टाकायचं नाही आणि गाडी ढकलायचीही नाही.

निघायच्या आधी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत पंप करा. थोडं चालवून दोन्ही हब हाताला तपासा (जपून, डिस्क तापलेली असते), नवीन बाजू दुसरीपेक्षा जास्त गरम लागली तर चाक परत उचलून बघा, ब्रेक तरी चिकटतोय नाहीतर बेअरिंग नीट बसलेलं नाही.