जुना लॅपटॉप उघडण्याआधी

स्क्रू-ड्रायव्हर नंतर, आधी बॅकअप. सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे फाइल उघडेलच असं नाही.

मग पैसे कुठे घालायचे ते ठरवा. रोजचं काम चालू ठेवून विंडोजचा टास्क मॅनेजर (कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) बघा. डिस्क 100 टक्क्यांवर अडकली आहे आणि प्रोसेसर निवांत, तर दुखणं बहुतेक हार्ड डिस्कचं. मेमरी सतत भरलेली असेल तर रॅम, म्हणजे चालू कामाची ही मेमरी, कमी पडतेय. दोन्ही ठीक असून पंखा घोंघावतो आणि थोड्या वेळाने वेग पडतो, तेव्हा आत धूळ साचलीय किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलीय. बजेट एकाच गोष्टीपुरतं असेल आणि आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर डोळे झाकून एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या. रॅम वाढवणारी म्हणून मिळणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळाली तरी नकोत.

खरेदीआधी मॉडेल नंबरावरून माहिती काढा. 2.5 इंची साटा डिस्क बसते की एम.2 (छोट्या पट्टीसारखी), आणि एम.2 असेल तर जोडणी साटा प्रकारची की एनव्हीएमई? रॅमला स्लॉट आहे की ती बोर्डावरच सोल्डर केलेली? रॅमच्याही पिढ्या असतात: डीडीआर3च्या जागी डीडीआर4 बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते.

बॅटरीचं म्हणाल तर विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ आणि आताची क्षमता दोन्ही दिसतात. टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगलीय. वापर तिथेच थांबवा; ती दाबू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या.

उघडताना चार्जर काढा, आत गेल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा. कागदावर लॅपटॉपची पाठ ढोबळ काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. इथे आळस केला तर महागात पडतो: लांब स्क्रू आखूड भोकात गेला की कीबोर्डच्या बाजूला टेंगूळ येतं. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरमसाट फिरून बेअरिंग बिघडू शकतं.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला, आणि विंडोज 11ला टीपीएम 2.0 (लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय) लागतं. ते नसेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम पेन ड्राइव्हवरून चालवून बघा: वायफाय, आवाज, मराठी टायपिंग. जमलं तरच इन्स्टॉल करा.

मदरबोर्डच गेला असेल तर मात्र हट्ट सोडा. साटा एसएसडी स्वस्तातल्या यूएसबी केसमध्ये घाला, बाहेरची डिस्क म्हणून ती पुढेही चालेल.